गुडघेबदल ऑपरेशननंतर आईला भयंकर थकवा. मदत हवी आहे

अबोली_डोंबिवली, मंगळवार रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके निघाले, जखम सुकली, एक्स-रे चांगला आला. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम आहे. पण आईच्या अंगात त्राण म्हणून नाही. सकाळी तोंड धुऊन खुर्चीपर्यंत आली की डोळे मिटून बसते. काल वेणी घालायला बसली होती. मी दूध उतरवून येते तोवर वेणी अर्धीच राहिलेली, कंगवा मांडीत, आणि ती बसल्या बसल्या झोपलेली. दुपारभर झोपते आणि रात्री टक्क जागी.

फिजिओवाला मुलगा रोज अकराला येतो. पाच-सहा वेळा पाय उचलला की आई म्हणते, "बास रे बाळा." परवा तो म्हणाला, "काकू, आळस केलात तर गुडघा आखडेल." तो गेल्यावर आई रडली. चाळीस वर्षं पहाटे साडेचारला उठलेली बाई आहे ती, तिला आजवर कोणी आळशी म्हटलेलं नाही.

माझी रजा रविवारी संपते. थकवा कशाने जाईल? एखादं टॉनिक, शक्तीचं औषध, खाण्यातलं काही, जे माहीत असेल ते सांगा. प्लीज लवकर.

तात्या_सातारकर, ११:५२

ऑपरेशनला किती दिवस झाले? वय काय? एक गुडघा की दोन्ही?

अबोली_डोंबिवली, ११:५५

साडेतीन आठवडे. ६७. दोन्ही.

गिरिजा_म, बुधवार सकाळी ६:१०

दोन्ही एकाच दिवशी?? अगं, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस. साडेतीन आठवड्यांत थकवा असणारच की. माझ्या सासूबाईंचा एकच गुडघा होता, तरी दोन महिने त्या दुपारी आडव्या व्हायच्या.

बापूराव_खानदेशी, ६:४४

ताई, टॉनिकच्या मागे लागू नका. अळीव, डिंक, खारीक, खोबरं, साजूक तूप घालून लाडू करा. सकाळी एक, संध्याकाळी एक. माझ्या मातोश्री कमरेच्या ऑपरेशननंतर याच लाडवांवर उभ्या राहिल्या. डिंक तुपात मंद आचेवर फुलवायचा, आत कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. आणि अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले तर जास्त चांगले.

तात्या_सातारकर, ७:०५

बापूराव, आधी त्यांना शुगर आहे का ते विचारा, मग गूळ-तूप सांगा.

अबोली_डोंबिवली, ७:२०

शुगर नाही. लाडू बहिणीने पाठवलेत, दोन खाल्ले की आईला जेवण जात नाही.

रानवारा, ७:५८

माझं स्पष्ट मत, दोन्ही गुडघे एकदम करायलाच नको होते. वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये ब्रीच कँडीत बदलला आणि उजवा जून २००१ मध्ये. मध्ये आठ महिने. देशाच्या पंतप्रधानाला डॉक्टर थांबवतात आणि आपल्याकडे "एकदाच भूल, एकदाच खर्च" म्हणून उरकून टाकतात.

केदार_नाशिक, ८:१५

रानवारा, हे सरसकट म्हणू नका. ज्याचं हृदय, फुप्फुस ठीक आहे आणि दोन्ही पाय सारखेच वाकडे झालेत त्याला एकदम केलेलं सोयीचं पडतं. एकच सरळ केला तर दुसरा वाकडा पाय त्याच्यावर भार टाकतो. माझ्या वडिलांचे दोन्ही एकदम केले, आज ते रामकुंडापर्यंत चालत जातात.

रानवारा, ८:२१

तुमच्या वडिलांना झेपलं. प्रत्येकाला झेपतं का? हा धागाच बघा.

देसाई_काका, ८:५०

इम्प्लांट कुठल्या धातूचं बसवलं? बिलावर किंमत वेगळी दाखवली आहे का? ऑगस्ट २०१७ पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली आहे. बिल नीट तपासा, विम्याच्या क्लेममध्ये त्याचं स्टिकर लागतं.

अबोली_डोंबिवली, ९:०२

काका, क्लेम पास झाला. मी थकव्याबद्दल विचारतेय. कोणी थकव्याबद्दल सांगेल का?

निवृत्त_सिस्टर, ९:३०

अबोली, मी अठ्ठावीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली आहेत. तू टॉनिक विचारते आहेस, पण थकवा कशामुळे आहे ते कळल्याशिवाय टॉनिक देऊन उपयोग नाही. मला एवढं सांग. ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन किती होतं आणि घरी सोडताना किती? गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत आणि कुठल्या वेळेला देतेस? बीपी शेवटचं कधी मोजलं? दिवसभरात खाते काय? रात्री झोप कशामुळे मोडते, दुखण्याने की लघवीला उठावं लागतं म्हणून?

आणि हे आत्ताच बघून सांग. पोटरी एका बाजूची जास्त सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखते का? धाप लागते का? छातीत दुखतं का? यातलं काही असेल तर इथे लिहीत बसू नको, सरळ दवाखान्यात ने.

कसरत_हाच_मंत्र, ९:४८

मी स्वतः दीड वर्षापूर्वी उजवा गुडघा बदलला. एक सांगतो, रडू आलं तरी चालेल पण व्यायाम चुकवायचा नाही. पहिले सहा आठवडे हातचे गेले की पाय वाकत नाही. मी रोज दोनदा एकेक तास केला. फिजिओ बरोबर बोलला.

सुमनताई_कोल्हापूर, १०:३०

कसरत साहेब, माझे दोन्ही झालेत, त्यामुळे मीही अनुभवानेच बोलते. आळस आणि थकवा यांत फरक असतो. पाय उचलायचा असतो मनात, आणि मांडी ऐकतच नाही. तेव्हा कोणी आळशी म्हटलं ना, की आतून तुटल्यासारखं होतं. अबोली, तुझ्या आईला माझा निरोप सांग, मीसुद्धा चौथ्या आठवड्यात न्हाणीघरातून आल्यावर टॉवेल धरून रडले होते.

व्यायाम बंद करू नको. पण एकदम तासभर नको, दिवसातून पाच वेळा दहा-दहा मिनिटं कर. दुखण्याची गोळी व्यायामाच्या पाऊण तास आधी बसेल अशी वेळ डॉक्टरांना विचारून लाव. आंघोळीनंतर लगेच काही करायचं नाही, आंघोळ हाच त्या वेळचा व्यायाम. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, गजर लावून, तीनच्या आत. वॉकर घेऊन चालायला नेहमीपेक्षा जास्त ताकद लागते, म्हणून बाथरूम ते खुर्ची एवढ्यातही दम लागतो.

कसरत_हाच_मंत्र, १०:४१

ताई, मी आळशी म्हटलेलं नाही. पण लाड केले की पाय आखडतो, हे मी माझ्या शेजाऱ्यांचं डोळ्यांनी पाहिलंय. नंतर भूल देऊन वाकवावा लागला.

सुमनताई_कोल्हापूर, १०:४६

दहा मिनिटं पाच वेळा म्हणजे पन्नास मिनिटं होतात. त्याला लाड म्हणत नाहीत.

अबोली_डोंबिवली, दुपारी १:१५

सिस्टर, फाइल काढून बघितली. पोटऱ्या दोन्ही सारख्या आहेत, घोट्याशी संध्याकाळी सूज येते, रात्री पाय उशीवर ठेवला की उतरते. धाप नाही, छातीत दुखत नाही. हिमोग्लोबिन आधी १२.२, घरी सोडताना ९.४. त्यानंतर तपासलेलं नाही. बीपी घरी आल्यापासून मोजलं नाही, मशीनचे सेल गेलेत.

गोळ्या: थायरॉइड, बीपी, लोह, कॅल्शियम, रक्त पातळ ठेवणारी, दुखण्याची दिवसातून तीनदा, आणि रात्री नसांची एक, प्रीगॅबॅलिन. सकाळच्या सगळ्या मी सातला चहाबरोबर एकदम देते. सात खणांचा डबा आणलाय, रविवारी रात्री भरून ठेवते, म्हणजे विसरायला होत नाही.

निवृत्त_सिस्टर, १:४०

थायरॉइड आहे हे आत्ता सांगतेस! असू दे, बरं झालं सांगितलंस. तुझा डबा नीटनेटका आहे, पण त्यातच गोंधळ आहे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात नीट उतरत नाही. मध्ये चार तास हवेत. लोहाचं चहाशी पटत नाही आणि कॅल्शियमशीही पटत नाही. म्हणजे तुझी आई तीन गोळ्या गिळते आणि तिन्हींचा फायदा अर्धवट.

त्यात हिमोग्लोबिन जवळजवळ तीनने उतरलंय. दोन गुडघ्यांत, जखमेला नळीने जोडलेल्या बाटलीत दिसतं त्यापेक्षा जास्त रक्त आत मांसात झिरपतं. एवढं रक्त कमी आणि बीपीची गोळी पूर्वीच्याच मापाची, तर उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं. बसून आणि उभं करून दोन्ही वेळा मोज. दुखण्याच्या गोळीत ट्रामाडॉल आहे का बघ. ते आणि प्रीगॅबॅलिन दोन्ही झोप आणतात, दोन्ही मिळून जास्तच. मनाने काहीही बंद करायचं नाही, रक्त पातळ ठेवणारी तर अजिबात नाही. उद्या डॉक्टरांकडे यादी वेळांसकट घेऊन जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम तपासायचं का ते विचार. या वयात सोडियम उतरलं तरी माणूस असाच सुस्त होतो.

शौचाला काळं होतंय का? लोहाने काळपट होतंच, घाबरू नको. पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर त्याच दिवशी दाखव.

खाण्याचं अजून सांगितलं नाहीस.

देसाई_काका, २:०५

घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर बसवायची खुर्ची मिळते. ती आधी आणा.

अबोली_डोंबिवली, २:३०

कमोड आहे काका.

सिस्टर, ट्रामाडॉल आहे. पॅरासिटामॉलबरोबर जोडगोळी आहे.

खाणं: सकाळी चहा-बिस्किट, बाराला एक पोळी, भाजी, थोडा वरण-भात, रात्री दूधभात. अंडं खात नाही. सोमवार आणि गुरुवार उपवास. गुरुवार जुना आहे. सोमवार ऑपरेशन नीट व्हावं म्हणून बोलली होती, सोळा. तीन झाले.

गिरिजा_म, २:३८

अगं आठवड्यातून दोन दिवस साबुदाण्यावर!! मग ताकद येणार कुठून?

केदार_नाशिक, २:५०

अंधश्रद्धा आहे ही. कडक शब्दांत सांगून बंद करा.

माई_पैठण, ३:३५

केदार, बाईचा नवस असा कोणी धमकावून सोडत नाही. तिच्या मनाला टोचणी लागली तर ती आणखी खचेल. मी इतकी वर्षं व्रतं केली आहेत. आमच्याकडे आजारी, बाळंतीण, औषध घेणारं माणूस यांना उपवासातून मोकळीक धरतात. आमचे गुरुजीही तेच सांगायचे. अबोलीताई, आईंना म्हणा, महादेव कुठे जात नाही, राहिलेले तेरा सोमवार चालायला लागल्यावर करू, उद्यापन थाटात करू. तोवर सोमवारी बेलपान वाहायचं, नमस्कार करायचा आणि पोटभर जेवायचं. ऐकलं नाही तर निदान दूध, दही, पनीर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा तरी पोटात जाऊ द्या.

निवृत्त_सिस्टर, ४:१०

माईंचं ऐक. जखम आणि मांडीचे स्नायू भरून यायला प्रथिनं लागतात. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर यांतलं काहीतरी हवं. बिस्किटाच्या जागी मुगाचं धिरडं दे. आणि एक, पाय उशीवर ठेवतेस म्हणालीस, उशी गुडघ्याखाली की टाचेखाली?

अबोली_डोंबिवली, ४:२२

गुडघ्याखाली. तिला तसंच बरं वाटतं.

निवृत्त_सिस्टर, ४:२५

टाचेखाली ठेव. गुडघ्याखाली ठेवून तो वाकलेलाच राहायची सवय लागते आणि मग पाय पूर्ण सरळ होत नाही. दुखेल थोडं, पण आजपासूनच.

अबोली_डोंबिवली, शुक्रवार रात्री १०:०५

काल जाऊन आलो. हिमोग्लोबिन ८.८ निघालं, म्हणजे सोडताना होतं त्याहून खाली. टीएसएच वाढलेला आहे, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरी पडत नाहीये. सोडियम ठीक. बीपी बसून ११८, उभं केल्यावर ९६. डॉक्टरांनी बीपीची गोळी निम्मी केली. ट्रामाडॉलची जोडगोळी फक्त रात्री, दिवसा साधं पॅरासिटामॉल. लोह शिरेतून देणार आहेत, पहिली बाटली उद्या. थायरॉइड पहाटे पाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री जेवल्यावर.

आईला फाइल दाखवून म्हटलं, हे बघ, तुझ्या अंगात रक्त कमी आहे, तू आळशी नाहीस. तिने तो कागद हातात घेतला, चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, "त्या फिजिओच्या पोराला दाखव." दाखवला. तो चांगला मुलगा आहे, तिच्या पाया पडला. आता सकाळी दहा मिनिटं तो करून घेतो, बाकी चार वेळा आम्ही.

सोमवारचं माईंच्याच शब्दांत सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्यापनाला सोळा जोडपी बोलवावी लागतील हं." गुरुवार मात्र सोडायला तयार नाही. काल दवाखान्यात नुसत्या दुधावर होती.

मी इथे चिडून बोलले, राग मानू नका. गोळ्यांचा डबा मीच भरत होते, ते अजून मनातून जात नाही.

सुमनताई_कोल्हापूर, १०:२०

डबा भरणारी तूच होतीस, फाइल काढून वेळा लिहिणारीही तूच. झोप आता. गुरुवारी दह्यात राजगिऱ्याच्या लाह्या आणि शेंगदाण्याचं कूट घालून दे, ते आमच्याकडे चालतं.

निवृत्त_सिस्टर, १०:३१

शिरेतून लोह दिलं तरी दुसऱ्या दिवशी उठून पळणार नाही, हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे जातील. गोळीने लोह चालू ठेवायचं की थांबवायचं ते उद्या विचारून घे. तू ऑफिसला गेल्यावर दुपारी जवळ कोण असणार आहे? उभं राहताना बीपी पडतं, तोपर्यंत एकटीने बाथरूमला जाऊ देऊ नका.

अबोली_डोंबिवली, १०:३४

बहीण रविवारी कराडहून येतेय, दोन आठवडे राहील. उद्या लोहाचं विचारते.

नवा_सभासद_वसई, शनिवार सकाळी ८:१२

माझ्या वडिलांचं डाव्या गुडघ्याचं पुढच्या महिन्यात आहे. त्यांनाही थायरॉइड आहे. ऑपरेशनच्या आधीच हिमोग्लोबिन वाढवून घ्यायचं असतं का? त्यांचं १०.९ आहे.

निवृत्त_सिस्टर, ८:४०

हो. पुढच्या महिन्याची वाट बघू नका, आजच सर्जनना हा आकडा सांगा. पुरुषाला १०.९ कमीच आहे, कशामुळे कमी आहे तेही शोधायला हवं. वेगळा धागा काढा आणि त्यात वय, सगळ्या गोळ्या आणि वेळा पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.