सात दिवसांची लिंक काही तासांतच बंद पडते, त्याबद्दल

मुदत ७ दिवस देऊनही एस-३ची (ॲमेझॉनची फाइल साठवण्याची सेवा) साइन्ड लिंक, म्हणजे ठरावीक वेळेपुरती फाइल उघडून देणारी सही केलेली लिंक, काही तासांत 'एक्स्पायर्ड टोकन' (मुदत संपली) म्हणते, असं एकाने विचारलंय. कोड बरोबर आहे. आधी सही कुठल्या कीने (ॲमेझॉनच्या खात्याच्या गुप्त किल्लीने) झाली ते बघा. सर्व्हरला रोल (ॲमेझॉनमधली परवानग्यांची भूमिका) दिला असेल तर की तात्पुरती असते, आणि ती संपली की लिंकही संपते. मग कोडमध्ये मुदत ६०४८०० सेकंद (७ दिवस) लिहिली असली तरी. असूम-रोलमध्ये, म्हणजे रोलची तात्पुरती की मागताना, वेळ सांगितली नाही तर की फक्त १ तास चालते.

कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम करताना आम्ही यात चांगलेच अडकलो होतो. रिपोर्टची लिंक रात्री व्हॉट्सॲपवर जायची, आजोबा सकाळी चहा घेताना उघडायचे, आणि समोर रिपोर्टऐवजी नुसता एक्सएमएल, म्हणजे एररचा कोडसारखा मजकूर. फार वाईट वाटायचं.

म्हणून कायमस्वरूपी की वापरून मुदत वाढवू नका, ही कळकळीची विनंती. ज्याच्या हातात लिंक, त्याच्या हातात फाइल. एकच लिंक नंतर रद्दही करता येत नाही. मेसेजमध्ये स्वतःच्या ॲपचा पत्ता पाठवा. पेशंटने क्लिक केल्यावर ओटीपी तपासा, त्याच क्षणी ३०० सेकंदांची साइन्ड लिंक बनवा आणि पेशंटला आपोआप तिकडे वळवा (रीडायरेक्ट). सही तुमच्याच सर्व्हरवर होते, ॲमेझॉनला विचारावं लागत नाही, त्यामुळे दर क्लिकला नवी लिंक बनवणं अजिबात जड जात नाही. मुदत डाउनलोड सुरू होताना तपासली जाते, म्हणून मोठी फाइलही मध्येच तुटत नाही. नेट गेलं आणि परत सुरू करावं लागलं तर मात्र नवी लिंक लागेल.

सर्व्हरचं घड्याळही एकदा तपासा; ते चुकलं तर लिंकची मुदतही चुकते.