थर्ड पार्टी स्किल ‘बसवणे’ : त्रयस्थ, तिऱ्हाईत की बाहेरचे?

मूळ प्रश्न

सांगली भागातल्या एका पतसंस्थेत मी कार्यालयीन काम पाहते. काही महिन्यांपासून आमच्याकडे क्लॉड या एआय सहायकाचं डेस्कटॉप ॲप वापरात आहे. सभेची इतिवृत्तं, थकबाकीदारांना जाणारी पत्रं, एक्सेलमधल्या याद्यांची जुळवणी, अशी कामं त्यावर चालतात. नव्या माणसांसाठी मराठीतून दोन पानी माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाकी सगळं लिहून झालं आणि एका वाक्यापाशी अडले : थर्ड पार्टी स्किल्स इन्स्टॉल करणे. स्किल म्हणजे ॲपला एखादं काम करायला शिकवणारी जोड.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘त्रयस्थ कौशल्ये स्थापित करताना सावधगिरी बाळगावी.’ वसुलीचं काम बघणाऱ्या एका सहकाऱ्यांनी ते वाचून विचारलं, ‘‘मॅडम, त्रयस्थ आहे म्हणजे ते कुणाच्याच बाजूचं नाही. मग सावधगिरी कसली? उलट तेच घ्यायला हवं ना?’’

त्यांनी मराठी बरोबर वाचलं होतं. चूक माझ्या वाक्यात होती. भावाभावांचं भांडण मिटवायला आपण त्रयस्थ माणूस बोलावतो. ‘जरा त्रयस्थपणे विचार कर’ असं सांगतो. हा शब्द कानावर पडला की मन सैल होतं, आणि मला सांगायचं होतं ते नेमकं उलट. हे स्किल ॲप बनवणाऱ्या कंपनीनेही लिहिलेलं नाही आणि आपणही लिहिलेलं नाही. कुणीतरी लिहिलंय, आणि तो कोण ते आपल्याला ठाऊक नाही.

त्यात ‘कौशल्य’ हा शब्दही गुणवाचक. कुणाकडे वाईट कौशल्य असतं का? दोन भले शब्द शेजारी ठेवून मी धोक्याची सूचना लिहायला बसले होते. सभासदांच्या खात्यांची माहिती ज्या संगणकांवर आहे त्यांच्यासाठी हे पत्रक आहे, म्हणून मला शब्द नेमका हवा आहे. ‘थर्ड पार्टी’, ‘स्किल’ आणि ‘इन्स्टॉल’ या तिन्हींसाठी मराठीत काय लिहावं?

प्रतिसाद

ताई, मी चाळीसेक वर्षं मराठी शिकवलं. तुमच्या सहकाऱ्यांचं कौतुक वाटलं. मध्यस्थ, तटस्थ आणि त्रयस्थ ही तिन्ही माणसं प्रतिष्ठित आहेत. मध्यस्थ दोघांच्या मध्ये येतो, तटस्थ काठावर उभा राहतो, त्रयस्थाचा व्यवहारात हितसंबंध नसतो. बाहेरून आणलेल्या स्किलच्या लेखकाचा हितसंबंध नाही, हे तुम्हाला कुठे माहीत आहे? तेव्हा हा शब्द बादच.

‘तिऱ्हाईत’ घ्या. त्यातही तीनच आहेत, पण प्रतिष्ठा नाही. ‘तिऱ्हाइताच्या देखत घरातलं बोलू नये’ असं आमच्या आजीच्या तोंडी असे. तिऱ्हाईत म्हणजे वाईट माणूस असं नाही. तो आपला नाही आणि आपल्याला त्याची पारख नाही, एवढंच. तुम्हाला हीच छटा हवी आहे. लिहिताना एक सांभाळा : मूळ शब्दात ई दीर्घ, पण ‘तिऱ्हाइताचे’, ‘तिऱ्हाइताने’ यांत ती ऱ्हस्व होते.

कौशल्याबद्दल थोडं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने रूढीने चाललेल्या लक्षणेचं, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून दुसरा घेण्याचं, उदाहरण म्हणून ‘कर्मणि कुशलः’ दिलं आहे. कुश म्हणजे दर्भ. तो हात न कापता खुडून आणणारा तो कुशल. पुढे दर्भ विसरला गेला आणि कुठल्याही कामात निष्णात असलेल्या माणसाला कुशल म्हणू लागले. म्हणजे हा शब्द मुळात माणसाच्या हाताचा आणि सवयीचा. कौशल्य अंगी मुरावं लागतं. ते कुणी पाकिटात घालून देऊ शकतं का, हे या ॲपच्या जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

पाकिटातूनच येतं, सर. मी या क्षेत्रात काम करतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हे स्किल म्हणजे एक साधा फोल्डर. त्यात ‘स्किल डॉट एमडी’ नावाची मजकुराची फाइल असावीच लागते. फाइलच्या डोक्यावर नाव आणि वर्णन, खाली सूचना : अमुक प्रकारचं पत्र लिहायचं असेल तर आधी हे बघ, मग ते कर, शेवटी असं तपास. सोबत नमुने, संदर्भाच्या फाइली आणि छोटे प्रोग्रामही ठेवता येतात. फोल्डर झिप करायचा आणि ॲपमध्ये चढवायचा. प्रत्येक स्किलला चालू-बंदचं बटण असतं.

सुरुवातीला ॲपमधला सहायक फक्त नाव आणि वर्णन वाचतो. तुम्ही सांगितलेलं काम त्या वर्णनाशी जुळलं तरच आतल्या सूचना उघडतो, आणि त्यातून गरज पडली तर बाकीच्या फाइली. म्हणून वर्णन हा यातला फार महत्त्वाचा भाग. ते बघून माणूस भुलतो आणि त्याच्यावरूनच सहायकही ठरवतो. क्लॉड बनवणाऱ्या ॲन्थ्रॉपिक कंपनीने ही सोय १६ ऑक्टोबर २०२५ रोजी आणली, आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला हा साचा सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हापासून एकाने लिहिलेलं स्किल दुसऱ्या कंपनीच्या साधनातही चालू शकतं, आणि बाहेरच्यांनी लिहिलेल्या स्किल्सना पूर आला. शब्द तसा त्याहून जुना आहे. ॲमेझॉनने आपल्या ॲलेक्सा या आवाजी सहायकासाठी बाहेरच्यांना स्किल्स लिहायची सोय २०१५ मध्येच दिली होती.

म्हणून मला ‘कौशल्य’ पटत नाही. ही लेखी सूचना आहे. आपल्याकडे पाककृतीत ‘साहित्य’ आणि ‘कृती’ असे दोन भाग असतात, तसाच या फोल्डरचा बेत आहे. मी याला ‘कृती’ म्हणेन.

प्रतिसाद

‘कृती’ ऐकायला छान, पण ‘त्याची ही कृती निंद्य आहे’ या वाक्याचं काय? कृती म्हणजे केलेलं काम हाही अर्थ जिवंत आहे, आणि संगणकाच्या भाषेत ‘ॲक्शन’साठी तोच शब्द वापरतात. ‘कृतिपत्रिका’ म्हणावं तर बोर्डाच्या भाषाविषयांची प्रश्नपत्रिका डोळ्यांपुढे येते.

मी न्यायालयीन कागदपत्रांचं भाषांतर करते, त्यामुळे माझा जीव ‘पार्टी’त अडकला आहे. मराठी माणसाला ‘थर्ड पार्टी’ ओळखीची झाली ती गाडीच्या विम्यामुळे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो विमा सक्तीचा आहे. तिथे पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी, आणि तिसरा तो रस्त्यावरचा माणूस, ज्याला आपल्या गाडीने इजा होऊ शकते. म्हणजे विम्यातल्या तिसऱ्याला आपल्यापासून संरक्षण हवं असतं. सॉफ्टवेअरमध्ये हे उलटतं. पहिला वापरणारा, दुसरी ॲपची कंपनी, आणि तिसरा तो, ज्याच्यापासून आपल्याला जपायचं असतं. शब्द एकच, पण भीतीची दिशा पालटलेली. ‘तृतीय पक्ष’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला विम्याचा कागद आठवेल आणि अर्थ पुन्हा निसटेल.

कुणी ‘उपरा’ सुचवण्याआधीच सांगते, तो नको. जुन्या गावगाड्यात वतनी हक्काने जमीन कसणारा मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी, असा हिशोब होता. अर्थ जवळचा आहे, पण आज या शब्दाला माणसांच्या अपमानाचा वास येतो. फाइलींसाठी तो वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

इचलकरंजीत आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. इन्स्टॉलला आमच्याकडं ‘स्थापित’ कोण म्हणत नाही. गिऱ्हाईक म्हणतंय, ‘विंडोज मारून द्या’, ‘टॅली टाकून द्या’, ‘प्रिंटर बसवून द्या’. तिन्हींत फरक आहे बघा. मारतोय ते सगळं पुसून नव्यानं. टाकतोय ते पेनड्राइव्हवरनं आत सोडायचं. बसवायचं म्हणजे वायर जोडून, एक पान छापून, चाललंय का बघूनच दुकानातनं उठायचं. पंखा बसवतोय, मोटर बसवतोय, गणपती बसवतोय. बसवताना नीट बघतोय माणूस. मॅडम, तुमच्या पत्रकात ‘टाका’ नको, ‘बसवा’ लिहा. ‘टाका’ म्हटलं की लोक काहीही टाकत्यात.

प्रतिसाद

काका, ‘बसवणे’चा अजून एक अर्थ तुमच्या बाजूने आहे. मी महाविद्यालयात नाटक करते. आम्ही नाटक बसवतो, नाच बसवतो, गाणं बसवतो. तिथे वस्तू जागेवर ठेवायची नसते. करणाऱ्याला कसं करायचं ते शिकवून ते त्याच्या अंगात उतरवायचं असतं. वर सांगितलं तसं स्किल ही लेखी सूचना असेल, तर सहायकावर ते ‘बसवलं’ जातं ते याही अर्थाने. पंखा बसला की तो फक्त फिरतो. नाटक बसलं की पात्रं तसं वागायला लागतात.

मूळ प्रश्नकर्ती

तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तुमच्या पिढीकडून हे ऐकून खूप बरं वाटलं. ‘वागायला लागतात’ हे सांगायला मी इतके दिवस शब्द शोधत होते.

मी हा धागा काढला त्याचं खरं कारण आता सांगते. आमच्याकडे एकाने इतिवृत्तं नीटनेटकी करून देणारं एक फुकट स्किल इंटरनेटवरून उतरवलं होतं. चढवण्याआधी त्याने मला दाखवलं, हे त्याचं शहाणपण. मी झिप उघडून आतली फाइल वाचली. समास किती, ठरावाला क्रमांक कसा, सूचक आणि अनुमोदक कुठे, सगळं व्यवस्थित होतं. मधेच एक ओळ होती : प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी अमुक पत्त्यावरून ताज्या सूचना आणाव्यात आणि त्यांप्रमाणे वागावं.

त्या दिवशी त्या पत्त्यावर काही वाईट नव्हतं. ते लिहिणाऱ्याच्या मनात काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही. पण आज मी जे वाचलं ते उद्या तिथे असेलच याची हमी कोण देणार? आम्ही ते स्किल चढवलं नाही. ‘त्रयस्थ कौशल्य’ या शब्दांनी ती ओळ कुणी शोधली असती का, हा प्रश्न मात्र तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

प्रतिसाद

पुन्हा मीच, सॉफ्टवेअरवाला. या धोक्याला एक नाव आहे, ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’. सायमन विलिसन या प्रोग्रामरांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ते दिलं. सहायक जो मजकूर वाचतो त्यातच कुणीतरी आपली आज्ञा मिसळून ठेवतो, आणि सहायक ती आपल्या धन्याची समजून पाळतो. याला मराठीत ‘कान भरणे’ म्हणता येईल का?

प्रतिसाद

ईमेलमध्ये किंवा वेबपानात लपवलेल्या आज्ञेला ‘कान भरणे’ चपखल आहे. कुणीतरी परस्पर आपल्या माणसाचे कान भरले. स्किलची गोष्ट त्याहून पुढची आहे असं मला भाषांतरकार म्हणून वाटतं. तिथे कुणी चोरून कानाशी लागत नाही. आपणच तो कागद सहायकाच्या हातात देतो आणि ‘यात लिहिलंय तसं करत जा’ म्हणतो. हे मुखत्यारपत्रावर सही करण्याच्या जवळ जातं. मुखत्यारपत्र न वाचता कुणी सही करू नये, हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही सांगावं लागत नाही.

प्रतिसाद

‘स्किल’चं अजून ठरलं नाही. माझं मत, मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवावा. पडद्यावर तेच अक्षर दिसणार आहे. स्किलच्या नावात लहान रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच चालतं, देवनागरी चालत नाही. पत्रकात ‘कृती’ वाचून माणूस पडद्यावर कृती शोधत बसेल. लिंग नपुंसक घ्या : ते स्किल, चांगलं स्किल. अनेकवचनाला ‘घर-घरे’प्रमाणे ‘स्किले’ करायला जीभ वळत नाही, ‘स्किल्स’ चालेल.

मूळ प्रश्नकर्ती

मान्य. सरांचा ‘तिऱ्हाईत’ मला फार आवडला, पण कार्यालयात दोन तरुण मुलींना विचारलं तर एकीलाच अर्थ माहीत होता. धोक्याच्या सूचनेत असा शब्द ठेवायची माझी छाती होत नाही. सर, रागावू नका. तो पत्रकाच्या दुसऱ्या पानावर, जिथे निवांत समजावून सांगितलंय, तिथे ठेवला आहे.

पहिल्या पानावर आता असं आहे : ‘बाहेरच्या कुणी लिहिलेलं स्किल बसवण्याआधी त्याची फाइल उघडून पूर्ण वाचा. स्किल म्हणजे आपल्या सहायकाला दिलेल्या लेखी सूचना. त्या सूचनांप्रमाणे तो आपल्या फाइलींवर काम करतो.’ खाली आणखी दोन ओळी जोडल्या. ‘बंद करणे’ म्हणजे स्किल तिथेच राहतं, पण वापरलं जात नाही. ‘काढून टाकणे’ म्हणजे ते तिथून जातं. पहिल्या खर्ड्यात या दोन्हींसाठी मी ‘निष्क्रिय करणे’ हा एकच शब्द लिहिला होता.

नवा मजकूर काल त्याच वसुलीवाल्या सहकाऱ्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘मॅडम, ते लिहिणारा कोण, हे कुठं बघायचं?’’

ते पत्रकात नव्हतं. आज लिहिते.