आधी पूर्ण मुखपृष्ठ करून दाखवा, आवडलं तर पैसे: ही अट मान्य करावी का?

रेघ:
मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. एका छोट्या प्रकाशनाकडून मला आलेला प्रस्ताव असा आहे. ऊसतोड कामगारांवरची कादंबरी, डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), साधारण २४० पानं, पेपरबॅक, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. तीन चित्रकारांना एकाच वेळी विचारलंय. प्रत्येकानं पंधरा दिवसांत स्पाइन (पुस्तकाच्या पाठीची पट्टी) आणि मलपृष्ठासकट पूर्ण मुखपृष्ठ द्यायचं. हस्तलिखित कुणालाच मिळणार नाही, अर्ध्या पानाचा गोषवारा मिळेल. ज्याचं निवडतील त्याला ६,००० रुपये. बाकी दोघांना काही नाही, आणि त्यांची चित्रं "पुढच्या पुस्तकांसाठी आमच्याकडे राहतील".

माझे प्रश्न: हे नमुना दाखवणं झालं की फुकट काम? न निवडलेलं चित्र त्यांनी ठेवून घेतलं तर त्यावर हक्क कुणाचा? आणि संबंध न तोडता नाही कसं म्हणायचं? रुपयाचं चिन्हसुद्धा स्पर्धेतूनच निवडलं होतं, मग आम्ही स्पर्धा घेतली तर काय बिघडलं, असं प्रकाशकांचं म्हणणं आहे.

बोरू:
नमुना म्हणजे आधी केलेलं काम दाखवणं. त्यांच्याच पुस्तकासाठी, त्यांनी दिलेल्या तारखेला, त्यांच्या मापात केलेलं चित्र हे कामच आहे.

हस्तलिखित मिळालं आणि काम नीट केलं असं धरून तास मांडून बघा. २४० पानं नीट वाचायला, खुणा करत, ७ तास. आठ-दहा बारके रफ (कच्ची रेखाटनं) काढायला ३. त्यातले दोन रंगात उभे करायला ४. पक्कं चित्र ९. शीर्षकाचं अक्षरलेखन ३. स्पाइन, मलपृष्ठ, मजकुराची मांडणी आणि छपाईची फाईल ३. एकूण २९ तास. ६,००० रुपये नक्की मिळणार असतील तर तासाला २०७ रुपये पडतात. तिघांत एकाला मिळणार असतील तर सरासरी ६९. प्रकाशकाच्या पदरात ८७ तासांचं काम पडतं आणि तो २९ तासांचे पैसे देतो. उरलेले ५८ तास दोन माणसांच्या घरातून गेले. यात काय चुकीचं आहे ते एवढ्या हिशेबातच दिसतं.

पण मला पैशापेक्षा "हस्तलिखित मिळणार नाही" ही अट जास्त खटकते. मुखपृष्ठाचं खरं काम वाचण्यात असतं. ऊसतोडीचंच घ्या. गोषवाऱ्यात "कोयता" शब्द आला की न वाचलेला चित्रकार लालभडक पार्श्वभूमीवर एक पातं काढणार. फडात "एक कोयता" म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, म्हणजे जोडीवर. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. कादंबरी बहुधा त्या जोडीची असेल, आणि मुखपृष्ठावर हत्यार येईल. तसंच घराचं. कामगार राहतात त्या कोपीत, वाकून शिरावं लागेल अशा बुटक्या खोपटात. गोषवाऱ्यात नुसतं "गरीब कुटुंब" लिहिलेलं असेल तर उतरत्या छपराचं कौलारू घर येणार, म्हणजे बीडच्या माणसांना कोकणात नेऊन बसवणार. तीन चित्रकारांकडून अशी तीन चित्रं आली तर त्यातलं "सगळ्यात बरं" निवडून पुस्तकाचं काय भलं होणार? फुकट मागितलं की न वाचताच करावं लागतं, कारण जे मिळेल याची खात्री नाही त्यासाठी सात तास वाचत बसणं कुणालाच परवडत नाही. लेखकाचंही यात नुकसान आहे, हे प्रकाशकांना स्पष्ट सांगा.

कलमदान:
हक्काबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र काढलं त्या क्षणी हक्क चित्रकाराचा, नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कोणतं चित्र, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, हे त्यात असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर "चित्रं आमच्याकडे राहतील" म्हटल्यानं चित्राची फाईल त्यांच्या संगणकात राहते, हक्क जात नाही. मात्र असा मजकूर छापलेल्या प्रवेशपत्रावर सही करायला सांगितली तर तिथे थांबा आणि सगळी कलमं वाचा.

एक गोष्ट बऱ्याच चित्रकारांच्या ध्यानात नसते. कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला किंवा चित्र रंगवून घेतलं, आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे पैसे न मिळालेलं चित्र तुमचं, आणि पैसे मिळालेलं कदाचित त्यांचं. म्हणून निवड झाल्यावरच्या कागदात एक ओळ हवीच: "कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, प्रकाशनाला या पुस्तकाच्या छापील आवृत्त्यांच्या मुखपृष्ठापुरता वापराचा परवाना आहे." कॉपीराइट पूर्ण दिला तरी चित्र आपलं आहे हे सांगण्याचा हक्क कलम ५७ खाली शिल्लक राहतो. श्रेयपानावर नाव आलंच पाहिजे हे त्या आधारावर मागता येतं.

कल्पना मात्र अशी राखता येत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय की संरक्षण मांडणीला आहे, कल्पनेला नाही. "दोन हात, एकच कोयता" ही तुमची कल्पना दुसऱ्या चित्रकाराकडून वेगळ्या रेषेत काढून घेतली तर दावा फार अवघड होतो. फुकट नमुन्यातला खरा धोका हा आहे. चित्र परत मिळेल, सुचलेलं परत मिळत नाही.

अजून एक आधार करार कायदा १८७२ च्या कलम ७० चा. दुसऱ्यासाठी काही केलं, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता, आणि त्यानं त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. तो हेतू नव्हता हे दाखवायला आधी लिहिलेलं काहीतरी लागतं. म्हणून काहीही पाठवताना मेलमध्ये लिहा: "हे काम विनामोबदला दिलेलं नाही, वापर केल्यास ठरलेला मोबदला देय राहील." आणि "मोबदला" हाच शब्द वापरा. "मानधन" म्हटलं की देणाऱ्याला ते त्याच्या मर्जीवरचं वाटतं.

उशिरा पैसे मिळण्याबद्दल: उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याखाली लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसताना १५ दिवस, त्यानंतर व्याज. पण "आवडलं तर देऊ" या कामात ऑर्डरच नसते, त्यामुळे मुदत मोजायला सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न पडतो.

छापखाना गल्ली:
प्रकाशनाच्या बाजूनं सांगते. १,००० प्रतींच्या पुस्तकात मुखपृष्ठाला ६,०००च्या वर जाणं खरंच जड जातं आणि न आवडलेलं चित्र गळ्यात पडेल ही भीतीही खरी आहे. पण उपाय चुकीचा आहे. तोच पैसा असा वाटा: एकाच चित्रकाराला निवडा, त्याची आधीची पाच मुखपृष्ठं बघून. २,००० रुपये वाचन आणि तीन रफसाठी, आगाऊ, परत न मागण्याच्या बोलीवर. त्यातलं एक पसंत पडलं तर २,५०० पक्क्या चित्रासाठी. १,५०० छपाईची फाईल हातात येण्याआधी. तिन्ही रफ नापसंत झाले तर २,००० वर हिशेब मिटवा आणि दुसऱ्याकडे जा. प्रकाशकाचा धोका २,०००चा, चित्रकाराचा शून्य. रफवर दोन दुरुस्त्या धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे, हेही आधीच लिहा. दुरुस्ती म्हणजे रंग, जागा, अक्षराचा आकार. "वेगळंच काहीतरी करून बघू" ही दुरुस्ती नव्हे, तो नवा रफ झाला.

आणि स्पाइनसकट पूर्ण मुखपृष्ठ या टप्प्यावर मागण्यात काही अर्थच नाही. २४० पानं म्हणजे १२० कागद. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोचा, म्हणजे आतल्या पानांच्या साध्या छपाईच्या कागदाचा, एक कागद साधारण ०.०९ मिलिमीटर, म्हणजे स्पाइन ११ मिलिमीटरच्या आसपास. डेमीची रुंदी १४०, तर पसरलेलं मुखपृष्ठ १४० + ११ + १४०, आणि कापण्यासाठी दोन्ही बाजूंना ३-३, असं २९७ मिलिमीटर रुंद. शेवटच्या प्रुफानंतर १६ पानं वाढली, किंवा छापखान्यानं ८० जीएसएम घातला, की स्पाइन बदलते. मग मलपृष्ठावरची रेघ स्पाइनवर चढते आणि पुस्तक कपाटात लावलं की नाव एका बाजूला सरकलेलं दिसतं. हे माप पानं पक्की झाल्यावर, ज्या कागदावर छापायचं त्याच कागदाची डमी (कोरी नमुना प्रत) बांधून घ्यायचं असतं. तीन माणसांकडून आत्ता करून घेतलेल्या तीनही फाईली पुन्हा कराव्या लागणार.

प्रकाशकालाही एक धोका आहे, तो त्यांना सांगा. फुकट स्पर्धेत आलेल्या चित्रात इंटरनेटवरून उचललेला फोटो असू शकतो. घाईत, पैसे मिळतील की नाही माहीत नसताना, कोण कशाला फोटोचा परवाना विकत घेईल? पुस्तक बाजारात गेल्यावर मूळ छायाचित्रकाराची नोटीस आली तर ती प्रकाशकाच्या पत्त्यावर येते, आणि १,००० प्रतींची मुखपृष्ठं बदलायचा खर्च ६,०००च्या कितीतरी पट असतो. पैसे देऊन केलेल्या कामातच "चित्र स्वतःचं आहे" अशी लेखी हमी मागता येते.

मातीरंग:
रुपयाच्या चिन्हाचा दाखला अर्धाच दिला जातो. २००९ ची ती स्पर्धा अर्थ मंत्रालयाची होती. अटी आणि बक्षिसं आधी जाहीर केलेली होती, अंतिम पाच जणांना प्रत्येकी २५,००० रुपये आणि विजेत्याला अडीच लाख. आयआयटी मुंबईतल्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. निकाल सगळ्या देशासमोर लागला. स्वच्छ भारतचं बोधचिन्हही २०१४ मध्ये असंच खुल्या स्पर्धेतून, कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं निवडलं गेलं. तरी मला याही पद्धतीचं पूर्ण समर्थन करता येत नाही. रुपयाच्या स्पर्धेत प्रवेशासाठी ५०० रुपये भरावे लागत होते, आणि पहिल्या पाचांबाहेरच्या हजारो लोकांची मेहनत बिनपैशाची गेली. पण निदान तिथे कोणी, कशावर, किती, हे आधी ठरलेलं होतं. तुमच्या प्रस्तावात परीक्षक कोण ते माहीत नाही, निकष नाहीत, आणि हरलेल्याचं चित्र ठेवून घेण्याची अट आहे. ही स्पर्धा नव्हे. कुणीही हरो-जिंको, प्रकाशकाच्या चित्रसंग्रहात भर पडते, एवढंच.

गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेला मुखपृष्ठ फुकट करून देणं हे दान आहे. ते करावं, आनंदानं करावं. देणाऱ्यानं स्वतः ठरवलेलं असतं. पुस्तक विकणाऱ्याला तीन माणसांनी पैज लावून काम देणं याची त्याच्याशी तुलना करू नये.

नवीन मुलांना "असं केल्याशिवाय पोर्टफोलिओ कसा होणार" म्हणतात. त्यावर चांगला मार्ग आहे: लेखकाच्या निधनाला साठ वर्षं होऊन गेलेली पुस्तकं मोकळी असतात. त्यातली तीन घ्या, पूर्ण वाचा, मुखपृष्ठं करा, खाली "सरावासाठी" असं लिहा. वाचून केलेलं काम आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं, आणि वेळ, विषय, रंग सगळं तुमच्या हातात राहतं.

रेघ:
सगळ्यांचे आभार. पाठवण्यासाठी हा मजकूर केलाय, बघा:

"कादंबरीचा विषय जवळचा वाटला. तयार मुखपृष्ठ आधी पाठवणं शक्य नाही, कारण हस्तलिखित वाचल्याशिवाय केलेलं चित्र तुमच्या पुस्तकाला न्याय देणार नाही. आधीची पाच मुखपृष्ठं सोबत पाठवते आहे. ती पटल्यास हस्तलिखित पाठवा. वाचन आणि तीन रफ यांचे २,००० रुपये आगाऊ, बारा दिवसांत रफ. पसंतीनंतर २,५००, छपाईच्या फाईलआधी १,५००. रफ नापसंत झाल्यास पुढचं काही देणं लागत नाही, आणि रफ वापरता येणार नाहीत. कॉपीराइट माझ्याकडे, तुम्हाला या पुस्तकाच्या छापील मुखपृष्ठाचा परवाना."

कलमदान:
छान झालंय. "छापील" म्हटलंत तेव्हा ई-बुक आणि ऑडिओबुकचं चौकोनी चित्र त्यात येत नाही. ते नंतर मागतातच, तेव्हा आत्ताच किंमत लिहा किंवा "वेगळं ठरवू" असं तरी लिहा. जाहिरात आणि पोस्टरवर मुखपृष्ठाचा फोटो वापरायला परवानगी देऊन टाका, त्यावर अडवू नका. आणि अनुवाद झाला तर त्याच्या मुखपृष्ठाला हे चित्र लागू नाही, हेही एका ओळीत घाला.

बोरू:
रफ पाठवताना जेपीजी, उंची ९०० पिक्सेलच्या वर नको. साडेआठ इंचांवर ते जेमतेम १०६ डीपीआय (इंचाला ठिपके) होतं, छापलं तर फुटतं. तुमचं नाव चित्रावरून आडवं टाका, कोपऱ्यात नको. कोपरा कापता येतो. कोरल सॉफ्टवेअरची किंवा लेयर (वेगळे करता येणारे थर) असलेली फाईल शेवटचा हप्ता येईपर्यंत देऊ नका. शीर्षकाचं अक्षरलेखन रफमध्ये पेन्सिलीचंच ठेवा, कारण ते एकदा स्वच्छ रेषेत गेलं की डीटीपीवाला स्क्रीनशॉटवरून अर्ध्या तासात गिरवून घेतो.