जिप्सी घ्यायची तर कार्बोरेटरचीच? या सल्ल्याला माझा विरोध

घाटवाट:
काल इथे नवख्यांना सल्ला दिला गेला: "ऑफरोडसाठी जुनी मारुती जिप्सी घेताय तर 2000 च्या आधीची, कार्बोरेटरचीच घ्या. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनची, रानात बंद पडली की टो करूनच आणावी लागते." वाचून डोकं तापलं.

कार्बोरेटर चालतो फ्लोटच्या भांड्यातल्या पेट्रोलच्या पातळीवर. गाडी तिरकी झाली की पातळी बिघडते. मग एकतर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, कोरडा पडतो, नाहीतर पेट्रोल थेट इंजिनच्या घशात उतरतं. मुळशीकडे पावसात एका लाल मातीच्या चढावर माझी जुनी जिप्सी किंग (1.3 इंजिनवाली, कार्बोरेटरची) अशीच गुदमरली. इंजिन बंद, त्यामुळे ब्रेकला जोर देणाऱ्या सर्वोची व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपली आणि पेडल दगडासारखं घट्ट. मागे दरी. खाली उतरून एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आतला घसा पेट्रोलने थबथबलेला. इंजेक्शनमध्ये टाकीतला पंप अडीच-तीन बारच्या दाबाने पेट्रोल ढकलतो, त्याला चढ-उतार कळत नाही. शिवाय त्याच 1.3 इंजिनात 60 ऐवजी 80 बीएचपी. नवख्या माणसाला चढावर बंद पडणारी गाडी घ्यायला का सांगता?

पानेवाला:
तो सल्ला माझाच होता, आणि मी त्यावर ठाम आहे. चढावर गुदमरली म्हणजे फ्लोटची उंची चुकलेली होती किंवा भांड्यात येणारं पेट्रोल रोखणारा नीडल व्हॉल्व्ह झिजला होता. नीट सेट केलेला कार्बोरेटर बऱ्यापैकी चढ काढतो. बंद पडलाच तर वेल्ह्याच्या बाजारात बसणारा मेकॅनिकसुद्धा अर्ध्या तासात जेट काढून, तार घालून साफ करून देतो. तुमचा इसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर, रुसला तर तिथे कोण आहे? नव्वदच्या दशकात लष्कराच्या जिप्स्या कार्बोरेटरवरच लडाखमध्ये फिरल्या.

सोनकी:
तार?? पितळी जेटमध्ये तार घालतात का कधी? भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. हवा मारायची. असल्या "अर्ध्या तासात" वाल्यांनीच निम्मे कार्बोरेटर मारलेत.
आणि लडाखचं म्हणाल तर खारदुंगला पाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. जेट मात्र तोच. काळा धूर सोडत, धापा टाकत गाडी चढते. लष्कराकडे प्रत्येक तळावर वर्कशॉप असतं, आपल्याकडे नसतं.

पानेवाला:
बरं, हवा मारायची. मुद्दा बदलत नाही. बॅटरी बसली तर कार्बोरेटरची गाडी धक्का मारून सुरू होते.

घाटवाट:
बॅटरी पार मेली तर तुमच्या कॉइललाही करंट लागतोच, धक्क्याने ठिणगी पडत नाही. थोडा जीव असेल तर तुमची आधी सुरू होईल, इतकं मान्य.

उसाचा_रस:
अरे पण हा सगळा वाद ई20 च्या आधीचा आहे! आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं. माझ्या कार्बोरेटरच्या भांड्यात पांढरा थर साचतो, जुने रबरी पाइप फुगलेत. निव्वळ पेट्रोलला 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, इंजिन गरम होतं. इंजेक्शनवाल्यांचा ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो, आमचं काय? साखर कारखानदारांच्या भल्यासाठी आमच्या गाड्या मारल्या.

वारणाकाठ:
कारखानदारांचं भलं? आमच्या घरात ऊस आहे. इथेनॉलचे पैसे आले तेव्हा कारखान्याने एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) वेळेवर दिली. त्याआधी माझे वडील बिलासाठी महिनोन्‌महिने खेटे घालायचे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला आडकाठी केली तेव्हा इथल्या एकानेही चकार शब्द काढला नव्हता. पुढे मक्याचं इथेनॉल वाढलं, तरी शिव्या उसालाच. हौसेच्या गाडीचे पाइप फुगले म्हणून शेतकऱ्याचा बाजार उठवू नका.

उसाचा_रस:
दादा, शेतकऱ्याला कोण बोलतंय? पंपावर साधं पेट्रोल निवडायची सोय ठेवा एवढंच म्हणणं आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, पण दर कुठे कमी झाला?

वारणाकाठ:
दर सरकारला विचारा. आणि पांढरा थर गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवल्याने येतो. इथेनॉल पाणी ओढतं. उभी करण्याआधी भांडं रिकामं करा.

सोनकी:
ऊस बाजूला ठेवा जरा. पानेवाला एका बाबतीत बरोबर आहेत, आणि हे लिहिताना जिवावर येतंय. इंजेक्शनच्या गाड्या रानात मरतात त्या वायरिंगमुळे. माझी एकदा ओढा ओलांडल्यावर थांबली. शहरातल्या एका गॅरेजने "इसीयू गेला" म्हणून मोठा आकडा सांगितला. दुसऱ्या मेकॅनिकने क्रँक सेन्सरचा सॉकेट उघडला, पिनेवर हिरवा गंज होता. घासून, ग्रीस लावून दिला. गाडी लगेच सुरू. इसीयूला काही झालंच नव्हतं.

पानेवाला:
तेच तर सांगतोय. पण तो सॉकेट रानात कोण शोधणार?

घाटवाट:
जो गाडी घेतो त्याने शिकायचं. फ्लोटची उंची तरी तुम्ही जन्मतः शिकून आला होतात का?

पानेवाला:
आवाज चढवू नका. चढावर इंजेक्शन पुढे आहे, घ्या, लिहून दिलं. पण नवख्याला "एमपीएफआय घे" एवढंच सांगून सोडणं मला पटत नाही. डॅशखालचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, उघडून बघा. कुणी म्युझिक सिस्टिमसाठी वायर कापून टेप मारली असेल तर ती गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडा. टाकी पाव असताना चढावर नेऊन बघा, पंपाला हवा लागते का ते तिथेच कळेल. असली गाडी मिळत नसेल तर माझा सल्ला कायम आहे.

उसाचा_रस:
आणि ई20 चं काय? त्यावर कुणीच उत्तर दिलं नाही.