परवान्याचं पिस्तूल जवळ असताना पोलिसांनी गाडी थांबवली तर सांगता का? (अमेरिकेतले अनुभव)

माझ्या ओळखीत ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व मिळाल्यावर रीतसर पिस्तूल घेतलेली काही मराठी घरं आहेत. पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली की आपणहून सांगावं का, यावर प्रत्येकाचं मत निराळं. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलांडो कास्टीलने शांतपणे सांगितलं की माझ्याजवळ शस्त्र आहे. त्याच्याकडे परवाना होता. काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. गोळ्या झाडणारा पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर लिहा, आणि राज्य जरूर सांगा. कायदा राज्यागणिक बदलतो.

मिशिगन
इथे विचारण्याची वाट बघायची सोय नाही. थांबवल्या थांबवल्या सांगावं लागतं, नाहीतर पहिल्याच वेळी ५०० डॉलर दंड. मला रात्री वेगासाठी अडवलं. आतला दिवा लावला, दोन्ही हात स्टीअरिंगवर. म्हटलं, "ऑफिसर, माझ्याकडे कन्सील्ड परवाना आहे, उजव्या कमरेला आहे. तुम्ही सांगाल तसं करतो." (कन्सील्ड म्हणजे शस्त्र कपड्यांआड ठेवून बाळगण्याचा परवाना.) 'गन' म्हणायचं मुद्दाम टाळलं. पलीकडच्या खिडकीशी उभ्या असलेल्या पोलिसाच्या कानावर तेवढाच शब्द पडायला नको. लायसन्सचं पाकीट नेमकं त्याच बाजूच्या खिशात होतं. त्याने मला खाली उतरवून ते स्वतः काढलं. आता कागद वर, सनव्हायझरला असतात.

ह्यूस्टन
टेक्सासात ओळखपत्र मागितलं की लायसन्ससोबत एलटीसीही (शस्त्र बाळगण्याच्या परवान्याचं कार्ड) द्यायचं. २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं, पण मी परवाना ठेवलाय. दोन्ही कार्डं एकदमच देते. पण त्या दिवशी शेजारी सांगलीहून आलेली आई होती. लायसन्स मागितलंय एवढं तिला कळलं आणि मदत म्हणून तिने माझी पर्स उघडायला घेतली. पिस्तूल पर्समध्येच! मी ओरडले, "आई, हात लावू नकोस!" मराठी ओरडा ऐकून ऑफिसर दोन पावलं मागे सरला, हात कमरेकडे गेला. मी हात वर धरून इंग्रजीत सगळं सांगितलं. तो समजूतदार निघाला. तेव्हापासून पाहुणे गाडीत बसण्याआधीच त्यांना सांगते: पोलीस आले तर हात मांडीवर, काही शोधायचं नाही. आणि पिस्तूल पर्समध्ये ठेवत नाही.

पेनसिल्व्हेनिया
आपणहून सांगण्याची सक्ती इथे नाही, म्हणून मी सांगत नाही. मागचा दिवा गेला होता, ताकीद मिळाली, विषय संपला. विचारलं असतं तर खरंच सांगितलं असतं.

फिलाडेल्फिया
वरच्या दादांना एवढंच सांगेन की पूल ओलांडताना जपा. न्यू जर्सीत आपला परवाना चालत नाही. २०१३ साली इथल्याच एका बाईने तिकडे प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिला अटक झाली. तिथले तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस्टी यांनी माफी दिली ती २०१५ मध्ये. दीड वर्ष त्या बाईने कसं काढलं असेल! आम्ही निघण्यापूर्वी पिस्तूल घरीच तिजोरीत ठेवतो.

ओहायो
२०२२ च्या जूनपासून आमच्याकडे विचारलं तरच सांगायचं. मी अजूनही आधी सांगतो. नंतर कॉम्प्युटरवर कळून पोलीस साशंक होण्यापेक्षा हे बरं वाटतं.

डॅलस
एच-वन-बी (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसा) वाल्यांसाठी: शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने आपल्याला शस्त्र बाळगताच येत नाही. मित्राची गाडी चालवायला घेतलीत तर ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये काय आहे ते आधी त्याला विचारा.