अल्फाचं बीटा होतं ते द्रवातून

सिलिकॉन नायट्राइड या कठीण सिरॅमिकची अल्फा आणि बीटा अशी दोन स्फटिकरूपं असतात. कुणीतरी म्हटलंय की नुसतं तापवलं की अल्फाचं बीटा होतं. इतकं सरळ नाही ते. त्यासाठी सिलिकॉन-नायट्रोजनचे बंध तुटून नव्याने जुळावे लागतात, आणि कोरड्या भुकटीत ते जवळपास होतच नाही. म्हणून तर भुकटीत यिट्रिया, अ‍ॅल्युमिना ही ऑक्साइडं (यिट्रियम आणि अ‍ॅल्युमिनियमची) घालतात. भुकटीच्या कणांवर सिलिकाचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) पातळ थर असतोच. तिघं मिळून वितळतात. साधारण १७०० ते १८५० अंश सेल्सिअसला त्या द्रवात अल्फा विरघळतं आणि बीटा होऊन बाहेर पडतं, पाकातून खडीसाखर धरावी तसं. बीटाचे दाणे लांबट, षट्कोनी वाढतात. तडा त्यांना वळसा घालत जातो, म्हणून माल चिवट. थंड केल्यावर मात्र बीटाचं परत अल्फा होत नाही. भट्टीत नायट्रोजनचा दाब कमी पडला तर विघटन होऊन वजनच घटतं, ते दुखणं वेगळंच!