चिनी सुलेखन: 'लानथिंग'ची नक्कल श्रेष्ठ की यान चेन्छिंगचा खर्डा?

शाईघर:
वांग शीचीची 'लानथिंग प्रस्तावना' (इ.स. 353) हा चिनी सुलेखनाचा कळस मानतात. पण तिची मूळ प्रत आज नाही. थांग ताइचुंग बादशहासोबत ती पुरली, असं परंपरा सांगते. उरल्या त्या नकला. त्यापेक्षा यान चेन्छिंगचा 758 सालचा खर्डा बघा. अन लुशान या सेनापतीच्या बंडात मारल्या गेलेल्या पुतण्याच्या श्राद्धाचा हा मजकूर तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे, आणि तो अस्सल आहे. सुरुवातीला तारीख आणि पदं, तिथे अक्षर आवरलेलं. पुढे शाई संपत आली तरी कुंचला थांबत नाही, फटकाऱ्यातून कागद दिसू लागतो, शब्द खोडले जातात. हे हाताच्या वेगातून उतरतं. कड काढून आत शाई भरलेल्या नकलेत कुठून येणार?

रेघोटी:
अजिबात पटलं नाही. नक्कल करणारे मूळ प्रतीवर पातळ कागद ठेवून केसाएवढ्या रेघेने प्रत्येक फटकाऱ्याची कड काढत, मग आत शाई भरत. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातल्या 'शेनलुंग' प्रतीत कुंचल्याचं दुभंगलेलं टोकसुद्धा उतरलं आहे. 'मेइ', म्हणजे 'प्रत्येक', हे अक्षर जवळून बघा: एक आडवी रेघ गडद, बाकीचं फिकं. वांगने आधी 'एक' लिहिलं होतं (ती नुसती आडवी रेघ असते) आणि नंतर त्याचंच 'प्रत्येक' केलं. लिहिता लिहिता बदललेला विचार नकलेतही दिसतो. 'ची' (之) हे चिनी अक्षर वीसेक वेळा येतं, दर वेळी वेगळं. आणि कोरडी शाई तर घाईच्या कुठल्याही खर्ड्यात सापडेल. मजकूर माहीत नसता तर तिथे दुःख दिसलं असतं का?

शाईघर:
'मेइ'चा मुद्दा मान्य. पण नुसती घाई असती तर सगळीकडे सारखीच दिसली असती. इथे 'बाप अडकला, मुलगा मेला, घरटं उलटलं, अंडी फुटली' या मजकुराजवळ खोडाखोड दिसते. शिवाय कड काढणारा हात सावकाश चालतो. कोरड्या फटकाऱ्यातल्या पांढऱ्या रेषा त्याला एकेक करून काढाव्या लागतात, मग त्या ताठरतात.

कित्ता:
हा फरक हाताने तपासता येतो. कच्च्या श्वेन कागदावर (शाई शोषणारा चिनी सुलेखनाचा कागद) कुंचला क्षणभर रेंगाळला की शाई पसरून गाठ होते. तुरटी-सरसाच्या पक्क्या कागदावर ती पसरत नाही, म्हणून चूक लपते. कोरडा फटकारा आणायला बरेच जण शाई निथळून घेतात आणि हात मात्र हळू ठेवतात. रेघ नुसती खरबरीत होते. शाई बेताची, टोक रेघेच्या मधोमध आणि हात वेगात, हे तिन्ही जुळलं तरच आतला पांढरा जिवंत दिसतो. माझं मत शाईघर यांच्या बाजूने.

रेघोटी:
हा वेग लोक शिकले कशावरून? ताइचुंगने 'लानथिंग'च्या नकला राजपुत्रांना आणि दरबाऱ्यांना वाटल्या. पुढे शिळेवर कोरून ठसे निघाले, काळ्यावर पांढरी अक्षरं. त्यात शाईची गडद-फिकी छटा पूर्ण गेली, तरी पिढ्यान् पिढ्या तेच गिरवून हात तयार झाले. छटा गेल्यावर उरते ती रेघेची दिशा, दाब आणि दोन फटकाऱ्यांमधली जागा. माझ्या मते भाव मुख्यतः तिथेच आहे, आणि चांगली नक्कल तेवढं पुरेपूर देते.